ताईचा अल्बम मी ऐकत नाही

हॅलो?… हो, मीच. दुसरं कोण उचलणार या घरात… अगं ताई, आधी श्वास घे. गाणाऱ्या बाईनं असं एका दमात बोलू नये.

हो, वाचलं. पेपर आला तसा वाचला. चहा ठेवला आणि आधी पुरवणीच उघडली. फोटो बरा आलाय, नाही? हनुवटी जरा…

बरं, फोटोचं राहू दे.

हो. हो, मी तसंच म्हणाले… नाही गं, तोडूनमोडून काही छापलेलं नाही. पान माझ्यापुढे आहे, वाचून दाखवू? वर माझा फोटो, खाली नाव, पुढे ‘व्हायोलिनवादक’. मग मी सध्या कुठले अल्बम ऐकते त्याची यादी, पाच. आणि शेवटी त्या सदरवाल्या मुलीनं विचारलंय, तुमच्या थोरल्या बहिणीचा नवा अल्बम यादीत कसा नाही? त्यावर माझं उत्तर. ‘ताईचा अल्बम मी ऐकत नाही.’ पूर्णविराम. तो पूर्णविरामसुद्धा माझाच आहे.

ओरडू नकोस. शनिवारी कार्यक्रम आहे तुझा.

अगं हो, ठाऊक आहे मला त्या सदराची रीत. तू माझं लिही, मी तुझं लिहिते. गेल्या महिन्यात ड्रमवाल्यानं लिहिलं की सध्या मी बासरीवाल्याचा अल्बम रोज झोपताना ऐकतो. पुढच्याच आठवड्यात बासरीवाला म्हणतो, ड्रमवाल्याच्या अल्बमशिवाय माझी सकाळ होत नाही. मी ड्रमवाल्याच्या घरी गेले होते ना तालमीला. कपाटात बासरीवाल्याचा अल्बम होता, प्लॅस्टिकसकट. फोडलाच नव्हता. त्यावर चष्म्याचं घर ठेवलं होतं.

नाही, मी कुणाला शहाणपण शिकवत नाहीये. तिनं विचारलं, सध्या काय ऐकता. मी सध्या जे ऐकते ते सांगितलं. यात एवढं आकाश कोसळण्यासारखं काय आहे?

…हो, पक्ष्यांचा आहे पाचवा.

नाही, चेष्टा नाही. दलदलीत पहाटे रेकॉर्ड केलेले पक्षी. एक तास दहा मिनिटं. मी ऐकते… हो, पाणकोंबडीसुद्धा आहे. तुझ्या जागी पाणकोंबडी नाही लावली मी, ताई. ती तिच्या जागी आहे. निदान ओरडते ती स्वतः ओरडते.

काही नाही. पुढे बोल.

…थांब. हा घुमल्यासारखा आवाज कसला? स्पीकरवर टाकलायस? म्हणजे भाऊजी शेजारी बसलेत तर. नमस्कार भाऊजी. ऐका, तुम्हीपण ऐका, घरचीच गोष्ट आहे.

एक मिनिट, बेल वाजतेय. धर… अहो, आले, आले… माझ्यासाठी?… सही तुमच्या वहीवर ना?… आतल्या कागदावर? बरं, या, आत या, बसा तिथे. खुर्चीवरची ती व्हायोलिनची पेटी जरा बाजूला… नको, राहू द्या, मीच उचलते.

हॅलो? हां. कुरियर आलंय. पाठवणाऱ्याचं नाव वाचून मौज वाटली. भाऊजी, तुम्हीच पाठवलंय की. इकडे ताईला फोन लावायला सांगायचं आणि तिकडून माणूस दारात उभा करायचा. वा. आणि त्या काकांना सांगितलंय म्हणे, कागद सही करून घेतल्याशिवाय परत यायचं नाही.

तू बोल, मी वाचतेय… नाही, मग थांब. मोठ्यानंच वाचते, म्हणजे तुलाही कळेल तुझ्या नवऱ्यानं माझ्या तोंडी काय घातलंय ते.

‘सदर लेखात माझ्या नावे छापलेले विधान मी केलेले नाही. वार्ताहराने माझ्या बोलण्याचा विपर्यास केला आहे. माझ्या भगिनीचा नवा अल्बम मी रोज ऐकते आणि त्यातील व्हायोलिनवादन हा माझ्या आयुष्यातील सर्वोच्च क्षण आहे.’

भगिनी. मी आयुष्यात कधी तुला भगिनी म्हटलंय का गं?

…हसू नको तर काय करू. सर्वोच्च क्षण म्हणे.

ऐक ताई, आता मी सरळ सांगते. मी यावर सही करणार नाही… नाही. दोन ओळी असोत नाही तर अर्धी असो. ती सदरवाली मुलगी सहा महिन्यांपूर्वी नोकरीला लागलीय, तिची कायमची ऑर्डर अजून आलेली नाही. इथे याच टेबलाशी बसून तिनं माझं बोलणं लिहून घेतलं. ते वाक्य लिहिताना तिचा हात थांबला, बरं का. तिनं मला दोनदा विचारलं, हे खरंच छापू का, तुमच्या घरात भांडण होईल. मी म्हटलं, छाप. आता मी उलटून म्हणू की ती खोटारडी आहे? उद्या तिला घरी बसवतील, आणि मी शनिवारी चमचमती साडी नेसून तुझ्या उजव्या हाताला उभी राहू?

…हं. तेही ऐकलं. म्हणजे सही नाही तर शनिवार नाही. आणि पुढचे अकरा कार्यक्रम पण नाहीत.

हे तू म्हणतेयस की भाऊजी?

…तुला विचारतेय मी. एकवीस वर्षं वाजवतेय तुझ्यामागे. तू म्हणतेयस की भाऊजी म्हणतायत?

बरं. दोघंही.

मग ऐकून घे की मी का ऐकत नाही. तीन आठवडे झाले, मी वाट बघत होते की तू आपण होऊन फोन करशील. तू केला नाहीस. आज केलास तो पेपरात आलं म्हणून… अगं मधे बोलू नकोस. आज मी बोलणार आहे. काका, तिथे तांब्या आहे बघा, पाणी घ्या, वेळ लागेल जरा.

तर. अल्बम आला त्या दिवशी संध्याकाळी लावला मी. भांडी घासत होते. आनंदात होते गं, खोटं कशाला बोलू. दुसरं गाणं संपत आलं, तुझा आवाज थांबतो आणि व्हायोलिन एकटंच उरतं बघ, तो लांब सूर. हळू सुरू होतो आणि वाढत वाढत जातो. मी म्हटलं, वा, काय वाजवलंय बाईनं. मीच मला शाबासकी दिली. साबणाचे हात घेऊन उभी राहिले ऐकत. आणि मग मनात आलं, अरे, गज वळला कुठे?

भाऊजींसाठी सांगते. व्हायोलिन ज्या काठीनं वाजवतात तो गज. गजाला दोन टोकं असतात. एक टोक आलं की हात उलटा फिरवावा लागतो, आणि फिरवताना आवाज कणभर अडतो. लोकांना नाही कळत, आम्हाला कळतो. या सुरात तो अडलाच नाही. पुन्हा लावलं, घड्याळ समोर ठेवलं. एकतीस सेकंद. ताई, एकतीस सेकंद एवढ्या मोठ्या आवाजात गज पुरत नाही. कुणाच्याच हातात नाही. मी तसेच हात पुसले आणि व्हायोलिन काढलं, तोच सूर लावून बघितला. जिवाचा आटापिटा केला तर चौदा.

ते यंत्र आहे. माझ्या नावाखाली यंत्र वाजतंय.

…थांब, अजून संपलं नाही. मग मी आठही गाणी शोधली. म्हटलं, एखाद्या गाण्यात तरी मी असेन. एखादी खरखर, एखादा श्वास. मी वाजवताना नाकातून श्वास सोडते ना जोरात, तू नेहमी चिडतेस त्यावरून, तो तरी सापडेल. रात्रीचं जेवणही केलं नाही. कुठेच नाही गं मी. आणि कव्हरवर नाव मोठ्या अक्षरात. रडले मी. चांगली हुंदके देऊन रडले, भांडी तशीच पडली होती.

म्हणून मी तो ऐकत नाही. त्यात माझं काही नाही. कळलं?

…हॅलो?

आहेस ना? बोल की… काय?

पुन्हा बोल.

तुला माहीत होतं?

मला वाटत होतं, हा भाऊजींचा उद्योग असेल. मिक्सिंगच्या वेळी मशीनशी खेळता खेळता केलं असेल, आणि तुला पत्ताच नसेल. तीन आठवडे मी हेच धरून बसले होते… तू सांगितलंस त्यांना? तू?

…हं.

…हं. ऐकतेय.

माझ्या करंगळीमुळे.

हो, अडखळते. ठाऊक आहे मला. माझीच करंगळी आहे, मला नाही कळणार तर कुणाला? दोन वर्षं झाली, वरच्या जागेवर जाताना अर्धा क्षण उशीर होतो. थंडीत जास्त होतो… मला वाईट वाटू नये म्हणून. बरं. म्हणून मला न सांगता मला पुसून टाकलंस, आणि नाव ठेवलंस, म्हणजे वाईट वाटणार नाही.

ताई, माझ्या करंगळीवर गाडीचं दार तू लावलंस म्हणून तुझ्या मनाला खातंय, ते मला तेव्हापासून दिसतंय. मी एका शब्दानं कधी बोलले का? चूक झाली, झाली. माणसाच्या हातून दार लागतं. पण दार लागलं त्याला मी माफ केलं म्हणून याला करीन असं समजू नकोस. दार तू बघून नव्हतं लावलंस.

…तोंडावर सांगायचंस. ‘तुझा हात पूर्वीसारखा चालत नाही’, एवढं एक वाक्य. मी आदळआपट केली असती, चार दिवस बोलले नसते, आणि पाचव्या दिवशी म्हटलं असतं, वरच्या जागा काढून टाकू, खालून वाजवते. मार्ग निघाला असता. कीव कसली करतेस? मी काय तुझ्या दारात भीक मागायला आलेय?

काय म्हणालीस?

तुला कळणार नाही म्हणजे? माझ्यावर अशी वेळ आली असती तर मी काय केलं असतं?

…नको ताई. हे विचारू नकोस मला.

विचारतेच आहेस? बरं, मग ऐक. आणि बसून ऐक.

कार्यक्रमाआधी आम्ही आत सूर मिळवतो तेव्हा तू कुठे असतेस? वाफ घेत असतेस, डोक्यावर टॉवेल टाकून. सूर कुणावरून मिळवतात सगळे? माझ्यावरून. मी तार लावते, गिटारवाला माझ्यावरून लावतो, बाकीचे त्याच्यावरून. आजवरची रीत आहे आपली. तर चार वर्षांपासून मी तार जरा खाली लावून तुझी पट्टी उतरवतेय.

हो. उतरवतेय. आधी केसभर उतरवली, तुला कळू नये अशी. मग अजून थोडी. आता पुरा अर्धा सूर खाली आहोत आपण. तुझा वरचा सूर तुझ्या मूळ पट्टीत आता लागत नाही, ताई. चार वर्षं झाली. तेव्हा एका कार्यक्रमात तो फाटला होता आणि तू म्हणालीस, सर्दी झालीय. सर्दी नव्हती.

…कुणाकुणाला म्हणजे? सगळ्यांना. गिटारवाल्याला, ड्रमवाल्याला. आणि भाऊजींनाही. विचार त्यांना. माझ्याऐवजी यंत्र घातलं ना, ते यंत्र अर्ध्या सुरानं खाली लावावं लागलं असेल त्यांना, नाही तर ते तुझ्या गळ्याशी जुळलंच नसतं. स्टुडिओतही सूर मीच दिला होता.

भाऊजी, बोला की. मघापासून सूचना देत होता मागून, मला ऐकू येत होत्या.

…राहू द्या. बरं.

हो, मीही लपवलं. मान्य. मीही तुला न सांगता केलं, तुला वाईट वाटू नये म्हणूनच केलं, आणि वर तुला शहाणपण शिकवतेय. पण एक फरक आहे, तो नीट ऐक. मी तुझ्या जागी दुसऱ्या कुणाला गायला उभं केलं नाही. लोक ऐकत होते तो तुझाच गळा होता. मी फक्त उंबरा थोडा खाली केला, तुझा पाय लागू नये म्हणून. तू तर मलाच घराबाहेर काढलंस आणि दारावर माझ्या नावाची पाटी ठेवलीस.

…रडतेयस का?

रड. मी तीन आठवडे रडतेय.

…काका, झालंच हं. तो कागद द्या इकडे. नाही, पेन आहे माझ्याजवळ.

ताई, काय लिहितेय ते सांगते, म्हणजे नंतर विपर्यास नको. कागद उलटा केलाय. मागच्या बाजूला लिहितेय, ‘छापलं आहे ते बरोबर आहे. मी तसंच म्हणाले.’ आणि खाली सही. ठसठशीत केलीय. सही पाहिजे होती ना, ही घ्या. काका, हा लिफाफा, द्या नेऊन. सावकाश जा, जिन्यावर दुसऱ्या मजल्याचा दिवा गेलाय.

गेले. आता शनिवारचं तुमचं तुम्ही बघा. दुसरी कुणी बोलवा, नाही तर यंत्र उभं करा माझ्या जागी, त्याला साडीही लागत नाही. पुढच्या छपाईत माझं नाव काढा, एवढंच माझं म्हणणं. मी मुलांना शिकवीन, पाणकोंबडी ऐकीन, माझं काही अडणार नाही.

अडेल. खोटं कशाला बोलू. तुझ्या उजव्या हाताला उभं राहायची सवय आहे मला. दुसरीकडे कुठे उभं राहायचं ते माहीतच नाही. पण सही नाही म्हणजे नाही.

…काय?

नीट ऐकू नाही आलं. नाक पूस आधी आणि मग बोल.

…शनिवारी? मूळ पट्टीत?

ताई, रागाच्या भरात बोलू नकोस… नाही, मी घाबरत नाही, मी कशाला घाबरू, गायचं तुला आहे… अगं पण वरचा सूर… भर सभागृहात फाटला तर?

बरं.

बरं. फाटला तर फाटला… हो, देते. सांगितलं ना देते. केसभरही खाली नाही. मला दाखवायचंय म्हणून गातेस तर मला दाखवायला गा, मला चालेल. खूप दिवसांत तू कुणाला काही दाखवायला गायलीच नाहीस.

…आणि भाऊजी काय म्हणतायत मागून?… विचारायचं नाही त्यांना? बरं, नाही विचारत.

कोण, मी? माझं तर तुम्ही नाव कापलंत ना आत्ताच… मग सूर कोण देणार, हा प्रश्न आहे तुझा? कमाल आहे. येते. येते म्हटलं ना. पण यंत्र तिथे दिसता कामा नये. तो लांब सूर मी दोन गजांत वाजवणार. मधे गज वळेल, आणि पहिल्या रांगेतल्यांना तो ऐकूही येईल.

हो, म्हणजे येऊ दे. मला काही लाज नाही त्याची.

आणि ऐक ना ताई, एकच. करंगळी घसरली माझी, तर मागे वळून बघू नकोस. तू बघितलंस की मला पुढचं सुचत नाही.

…बघणारच?

…असं म्हणतेस?

बघ मग. आणि तुझा सूर फाटला तर मीही खाली मान घालणार नाही, तुझ्याकडेच बघत राहणार. ठेव आता फोन. गिटारवाल्याला सांगायचंय, शनिवारी तारा चढवायच्या आहेत.